मोटार शर्यतींतील ब्रेक आणि उष्णतेचा प्रश्न : घर्षण-पदार्थांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास (१८९७ ते २०२४)

सारांश

शर्यतीच्या मार्गावर मोटारीचा वेग आवरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचे काय करायचे, हा ब्रेकच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. कापसाचे लायनिंग, ॲस्बेस्टॉस, ड्रम, डिस्क, कार्बन आणि आजचे धातुमिश्रित पॅड ही या प्रश्नाची कालानुक्रमे दिली गेलेली उत्तरे होत. ऊर्जा नष्ट करता येत नसल्याने प्रत्येक उत्तराने उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेली. त्याबरोबर त्या उत्तराची किंमतही एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासावरील ग्रंथांत इंजिनाला जेवढी पाने मिळतात तेवढी ब्रेकला मिळत नाहीत. वेगाचे विक्रम नोंदले जातात. तो वेग वळणापूर्वी कोणत्या साधनाने आवरला याची नोंद बहुधा तळटीपेत जाते. वस्तुतः शर्यतीत जो चालक वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक लावू शकतो, तो सरळ मार्गावर तितकाच अधिक काळ पूर्ण वेगात राहतो. म्हणून ब्रेक हे केवळ सुरक्षेचे साधन नसून वेगाचेही साधन आहे. तंत्रज्ञान, क्रीडा आणि कामगारांचे आरोग्य ही तीन क्षेत्रे या विषयात एकत्र येतात. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे, हा या लेखनामागील हेतू आहे.

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) ब्रेकमधील उष्णतेच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, (२) शर्यतींच्या अनुभवातून ब्रेकची रचना व पॅडचा पदार्थ कसा बदलत गेला याचा आढावा घेणे, (३) या बदलांची किंमत कोणी मोजली याचा शोध घेणे.

प्रश्नाचे स्वरूप

धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी २०० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणली, तर सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. खोलीच्या तापमानाचे साडेपाच ते सहा लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. शर्यतीत ही क्रिया चार-पाच सेकंदांत पूर्ण होते आणि दर फेरीत अनेकदा घडते. चारही डिस्कचे एकूण वजन ३२ किलोग्रॅम धरले आणि ही सर्व ऊर्जा त्यांतच गेली असे मानले, तर एका वेळच्या ब्रेकने त्यांचे तापमान सुमारे १३० अंश सेल्सिअसने वाढते. पुढील वळणापूर्वी ही उष्णता हवेत गेली नाही, तर ती साठत जाते.

सह्याद्रीचा घाट उतरताना अनुभवी चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो. इंजिनाचा अवरोध वापरून तो ब्रेकवरचा भार हलका करतो. शर्यतीत मात्र वेळ वाचवणे हेच उद्दिष्ट असल्याने जवळजवळ सर्व भार ब्रेकवरच पडतो.

उष्णता मर्यादेबाहेर गेली की तीन प्रकारचे बिघाड संभवतात. पहिला पॅडचा : त्यातील घटकांना बांधून ठेवणारी राळ तापून विघटित होते, वायू बाहेर पडतो आणि घर्षण घटते. अशा वेळी चालक पेडल जोराने दाबतो, पेडल कडकही लागते, पण गाडीचा वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नाही. दुसरा बिघाड द्रवाचा : ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट तळाशी जाते. तिसरा बिघाड धातूचा : डिस्कला भेगा पडतात किंवा ड्रम फुगतो. पुढील सारा इतिहास या तीन बिघाडांशी झालेल्या झुंजीचा आहे.

कापसापासून ॲस्बेस्टॉसपर्यंत

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये फेरोडो या उद्योगाचा आरंभ केला. उतारावरून येणारे गाडीवान लाकडी ब्रेकला जुना बूट लावतात, हे पाहून त्यांना घर्षण-पदार्थाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांची आरंभीची लायनिंगे कापसाच्या विणीची होती. घोडागाडीला ती पुरेशी होती. मोटारीच्या उष्णतेपुढे मात्र कापूस करपू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले. हे खनिज तंतुमय असल्याने विणता येते, जळत नाही, स्वस्त आहे आणि उष्णता सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. ब्रेकला हवे असलेले बहुतेक सर्व गुण एकाच पदार्थात सापडले होते.

याच सुमारास ब्रेकच्या रचनेचे दोन मार्ग फुटले. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक विकसित केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टर यांच्या रचनेत धातूच्या चकतीवर तांब्याचे अस्तर घासत असे आणि त्याचा कर्कश आवाज होई. योग्य पॅड उपलब्ध नसल्याने डिस्कची कल्पना मागे पडली आणि पुढील जवळजवळ अर्धशतक ड्रमचे राज्य राहिले. रचना कितीही योग्य असली तरी तिला साजेसा पदार्थ मिळेपर्यंत ती कागदावरच राहते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शर्यतींनी ड्रमचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १९२१ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फी यांनी जिंकलेल्या अमेरिकन ड्युझेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर द्रवचलित ब्रेक होते. परंतु ड्रमचा एक दोष त्याच्या आकारातच होता. तो तापला की बाहेरच्या बाजूस फुगतो, म्हणजे आतल्या शूपासून दूर जातो. शिवाय घर्षणाचा पृष्ठभाग आत बंदिस्त असल्याने वारा थेट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अभियंत्यांनी ड्रम मोठे केले, त्यांना पंखे काढले, वारा घेण्यासाठी तोंडे ठेवली. वेग वाढत राहिला आणि हे उपाय अपुरे पडत गेले.

ल मां : १९५३ आणि १९५५

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत म्युलसानचा सुमारे ६ किलोमीटरचा सरळ मार्ग तेव्हा सलग होता. त्यावरील वेगरोधक वळणे १९९० मध्ये आली. या मार्गाच्या टोकाला मोटारीला ताशी २४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून तीव्र उजव्या वळणात शिरावे लागे, आणि तेही दिवसरात्र, फेरीमागून फेरी. ब्रेकची यापेक्षा कठोर परीक्षा क्वचितच असेल.

जॅग्वार आणि डनलॉप यांनी विमानांसाठी विकसित झालेली डिस्क मोटारीत आणली. जून १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी रीम्स येथे डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइपवर विजय मिळवला. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी त्याच प्रकारच्या मोटारीवर ल मां जिंकले. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. तेथे सरासरी १०० मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली होती. जॅग्वारच्या मोटारींनी पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक पटकावला. तिसरी आलेली अमेरिकन कनिंगहॅम सरळ मार्गावर जॅग्वारपेक्षा वेगवान होती, पण तिला ड्रम ब्रेक होते. सरळ मार्गावर कमावलेला वेळ ती वळणापूर्वी गमावत होती. डिस्क उघडी असल्याने वाऱ्याने थंड होते आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच सरकते. ड्रमचा मूळ दोष येथे उरला नाही.

दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, याच मार्गावर मोटार शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला. माइक हॉथॉर्न यांची डिस्क ब्रेकची जॅग्वार थांब्याकडे वळताना वेगाने मंदावली. मागून येणारे लान्स मॅक्लिन यांनी ती चुकवण्यासाठी आपली ऑस्टिन-हीली डावीकडे घेतली आणि पिएर लेवेग यांची भरधाव मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांच्या दिशेने उडाली. लेवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागे उभे राहणारे, वाऱ्याला अडवणारे एक मोठे झडप बसवले होते. या अपघाताचे खापर ब्रेकवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. चौकशीत कोणाही चालकाला दोषी ठरवले गेले नाही. मार्गाची रचना या वेगांसाठी योग्य नव्हती, असा निष्कर्ष निघाला. तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काही मोटारींची थांबण्याची क्षमता वाढली होती, इतरांची तितकी वाढली नव्हती, आणि मार्ग जुन्या काळाचाच राहिला होता. तंत्रज्ञानाचा वेग आणि संस्थांचा वेग यांतील अंतर येथे माणसांच्या जिवावर बेतले.

त्याच वर्षी सित्रोएनने आपल्या डीएस या मोटारीला पुढील चाकांसाठी डिस्क दिली आणि शर्यतीतील साधन सामान्य ग्राहकाच्या दारी आले.

पॅडची किंमत कोणी मोजली?

डिस्कच्या यशात पॅडमधील ॲस्बेस्टॉसचा वाटा मोठा होता, आणि त्या ॲस्बेस्टॉसचा इतिहास विजयमंचावर दिसत नाही. फेरोडो १९२० च्या दशकात टर्नर अँड न्यूऑल या ॲस्बेस्टॉस उद्योगसमूहात सामील झाली. याच समूहातील रॉचडेल येथील कारखान्यात काम केलेल्या नेली केरशॉ या स्त्रीचे १९२४ मध्ये निधन झाले. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांतील तंतूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम केले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधनाने फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी या खनिजाचा संबंध दाखवून दिला. तरीही ब्रेकमधील त्याचा वापर दशकानुदशके चालू राहिला. ड्रममधील धूळ दाबाच्या हवेने उडवून साफ करणारा मेकॅनिक ती धूळ श्वासावाटे घेत होता. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघात २००५ पासून बंदी आली. अमेरिकेने शिल्लक वापरावरील बंदीचा नियम २०२४ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. मुंबईत घाटकोपर येथे हिंदुस्थान फेरोडो या कंपनीच्या कारखान्यात ब्रेक लायनिंग तयार होत असे. भारतातील ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. कामगाराच्या आरोग्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीनंतरही दीर्घकाळ जतन करण्याचा आदेश दिला. हा रोग उघड होण्यास वीस-तीस वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आदेशाचे मोल कळते. शर्यतीतील पॅड एका दिवसात झिजतो. त्याची धूळ एका आयुष्यभर राहते.

कार्बन आणि आजची निवड

विमानविद्येतून पुढचा पदार्थ आला. काँकॉर्ड विमानाला कार्बनचे ब्रेक होते. १९७६ मध्ये गॉर्डन मरे यांनी ब्राभॅम संघाच्या फॉर्म्युला वन मोटारीत त्यांचा प्रयोग केला आणि १९८० च्या दशकात ते त्या शर्यतींत रूढ झाले. कार्बन वजनाने हलका आहे आणि १,००० अंशांच्या आसपासही काम करतो. मात्र तो थंड असताना नीट पकडत नाही आणि त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असते.

म्हणून स्वतःची मोटार शर्यतीच्या मार्गावर नेणाऱ्याला आजही ओतीव लोखंडाची डिस्क आणि पॅड यांवरच अवलंबून राहावे लागते. श्रीपेरुंबुदूरजवळचा इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग १९९० पासून आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग २०११ पासून भारतात उपलब्ध झाल्याने हा प्रश्न येथेही आला आहे. रस्त्यावरचा पॅड पहिल्याच दाबाला, थंडीत-पावसातही पकडला पाहिजे. पण साधारणतः ३०० ते ४०० अंशांपुढे तो दगा देऊ लागतो. शर्यतीचा पॅड त्यापुढेही टिकतो. परंतु थंड असताना दुबळा असतो, आवाज करतो आणि डिस्क झिजवतो. सर्वांत जास्त घर्षण देणारा पॅड सर्वोत्तम, हा समज त्यामुळे टिकत नाही. गाडीचे वजन, टायरची पकड आणि मार्गाची रचना यांतून डिस्कचे जे तापमान प्रत्यक्षात निर्माण होते, त्या पट्ट्यात स्थिर राहणारा पॅड योग्य ठरतो. डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंग लावून हे तापमान मोजता येते.

पॅड बदलल्याने उष्णता मात्र संपत नाही. धातुमिश्रित पॅड ती कॅलिपरकडे अधिक सहज जाऊ देतो आणि संकट द्रवाकडे सरकते. डॉट ४ दर्जाच्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू नवा असताना २३० अंश असतो; हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून शर्यतीपूर्वी ताजा द्रव भरणे, डिस्कच्या मध्यापर्यंत हवा नेणारी नळी बसवणे, नवा पॅड टप्प्याटप्प्याने तापवून डिस्कवर त्याचा समान थर बसवणे आणि शेवटची फेरी ब्रेक फारसा न वापरता सावकाश घेणे, हे उपाय पॅडइतकेच महत्त्वाचे आहेत. थांबल्यावर हातब्रेक ओढू नये, हा संकेतही याच अनुभवातून आला. कारण तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहिल्यास तेथील उष्णता बाहेर पडत नाही आणि पॅडचा अंश डिस्कला चिकटतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ब्रेकची प्रगती रचना आणि पदार्थ यांच्या जोडीनेच झाली; १९०२ ची डिस्क योग्य पॅडअभावी मागे राहिली. दुसरा, शर्यतींनी उष्णतेचा प्रश्न उघड केला आणि त्याची उत्तरे सामान्य मोटारीपर्यंत पोहोचवली. तिसरा व अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या उत्तरांचे लाभार्थी आणि त्यांचा भार वाहणारे हे वेगवेगळे राहिले. ॲस्बेस्टॉसनंतर उष्णता वाहून नेणारे तांबे पॅडमध्ये आले. ते पावसाच्या पाण्यावाटे नदीत जाऊन माशांना अपाय करते म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये त्यावर मर्यादा घालणारे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ च्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना प्रथमच मर्यादा घातली. ब्रेक किती लवकर गाडी थांबवतो, एवढाच प्रश्न शतकभर विचारला गेला. त्यातून निघालेली उष्णता आणि धूळ कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न आता कायद्याच्या भाषेत विचारला जाऊ लागला आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनानेही तो विचारला पाहिजे.