कुलुपाची कुळकथा

मल्टिकोर प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा ज्या संगणकांवर घडला, त्यांत प्रोसेसर एकेकच होता. 1950 च्या दशकाअखेर ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात एड्सगर डाइक्स्ट्रा ‘एक्स-1’ या नव्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत होते. या यंत्रात ‘इंटरप्ट’ची सोय होती. जोडलेल्या उपकरणाचं काम झालं की ते प्रोसेसरला मध्येच हटकायचं, आणि चालू प्रोग्रॅम कुठल्या पायरीवर थांबेल याचा नेम नसायचा.

धोका कुठे, ते पाहा. मेमरीतला आकडा एकने वाढवायचा म्हणजे तीन कामं: वाचा, वाढवा, परत लिहा. समजा, दोन प्रोग्रॅम हे एकाच वेळी करताहेत. पहिल्याने 41 वाचला. त्याने 42 लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही 41 वाचला. दोघांनीही 42 लिहिला. दोनदा वाढवूनही आकडा वाढला एकानेच. शिवाय हे कधीतरीच घडतं, त्यामुळे चूक पकडणं महाकठीण.

असा सामायिक आकडा बदलणाऱ्या भागात एका वेळी एकाच प्रोग्रॅमने जावं, यासाठी डच गणितज्ञ डेकर यांनी दोन प्रोग्रॅमपुरता तोडगा काढला. 1965 मध्ये डाइक्स्ट्रांनी तो कितीही प्रोग्रॅमसाठी सोडवून दाखवला. पण बाहेर थांबलेला सारखा ‘जाऊ का?’ विचारत प्रोसेसरचा वेळ खात असे. म्हणून त्याच सुमारास त्यांनी ‘सेमाफोर’ आणला, नाव रेल्वे सिग्नलवरून. वाट मोकळी नसेल तर प्रोग्रॅमने झोपावं. बाहेर पडणाऱ्याने त्याला उठवावं. आजचं ‘लॉक’, म्हणजे कुलूप, याच कुळातलं.

2005 च्या सुमारास उष्णतेमुळे क्लॉकचा वेग वाढेना, तेव्हा एका चिपवर अनेक कोर, म्हणजे अनेक प्रोसेसर, घरोघरी पोचले. डेकर यांचा तोडगा जसाच्या तसा तिथे चालवला तर फसू शकतो. ‘मी आत आहे’ ही खूण कोर आधी स्वतःच्या बफरमध्ये ठेवतो. ती दुसऱ्याला दिसेपर्यंत तोही आत शिरलेला असू शकतो. म्हणून आजचं लॉक हार्डवेअरच्या खास सूचनांवर उभं असतं: वाचणं-बदलणं-लिहिणं एकाच अखंड पायरीत.

पण कुलूप फुकट मिळत नाही: त्याच्यापाशी सगळ्यांना एकामागून एकच जावं लागतं. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या मुद्द्याचा हिशेब साधा आहे: 5 टक्के काम एकापाठोपाठ एक करावं लागत असेल, तर हजार कोर लावूनही वेग 20 पटींपलीकडे जात नाही. त्यामुळे मुरलेला प्रोग्रॅमर प्रत्येक थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला, स्वतःची वेगळी मोजणी देतो आणि बेरजेपुरतं, शेवटी एकदाच, कुलूप लावतो.