संदेश-रांग (मेसेज क्यू)

सॉफ्टवेअरच्या एका भागाने टाकलेला निरोप दुसरा भाग सवडीने उचलेपर्यंत जपून ठेवणारी सोय. निरोप टाकणारा प्रॉड्युसर, उचलणारा कन्झ्युमर आणि मधला राखणदार म्हणजे ब्रोकर. दोघांनी एकाच वेळी जागे असण्याची गरज नसते, म्हणून ही पद्धत असिंक्रोनस.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइल मुके झाले. अशा वेळी मुंबईच्या नातलगाने पाठवलेला एसएमएस लगेच वाया जात नाही. तो मोबाइल कंपनीच्या संदेशकेंद्रात थांबतो, फोनला रेंज आली की पुढे सरकतो आणि मुदत उलटली तर पुसला जातो. रेंज परतताच जुने ‘कसे आहात?’ एकापाठोपाठ वाजू लागतात ते यामुळे.

ॲपमध्येही हेच घडते. समजा, मुरुडमधल्या एका घरगुती निवासाची शनिवारची खोली कुणी घेतली. पैसे जमा होताच ‘खोली पक्की’ सांगून ॲप ग्राहकाला मोकळे करते. पावतीचा ईमेल, घरमालकाला एसएमएस, हिशेबातली नोंद ही कामे रांगेला लागतात. दिवाळीच्या सुटीत गर्दी उसळली तर रांग लांबते, ॲप गुदमरत नाही. काम मात्र कमी होत नाही, नुसते पुढे सरकते. रांग हटेना तर कन्झ्युमर वाढवावे लागतात.

खरी मेख आहे ती पोच देण्यात. काम उरकल्यावर कन्झ्युमर पोच देतो, मगच ब्रोकर निरोप काढून टाकतो. एसएमएस गेला, पण पोच देण्याआधीच कन्झ्युमर बंद पडला, तर तोच निरोप दुसऱ्याच्या हाती जातो आणि घरमालकाचा फोन दोनदा वाजतो. एसएमएसचे निभावते; पैसे दोनदा वळते झाले तर भांडण. म्हणून निरोपाला क्रमांक देऊन ‘हे आधी झाले आहे का?’ हे तपासावे लागते. पुन्हा पुन्हा फसणारा निरोप ‘डेड लेटर क्यू’त वेगळा काढतात. हे नाव टपालातल्या बेवारशी पत्रांचे.

अशी रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी आयबीएमचे एमक्यू-सिरीज १९९३चे, रॅबिट-एमक्यू २००७चे. या इतिहासात मराठी नावेही ठळक आहेत. मुंबईचे विवेक रणदिवे यांच्या ‘इन्फर्मेशन बस’ने वॉल स्ट्रीटवर शेअरचे भाव दलालांच्या पडद्यांपर्यंत नेले, १९९७ मध्ये त्यांनी टिबको ही कंपनी काढली. पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत काफ्का घडवले. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

काफ्काला रांग म्हणणे तसे धाडसाचेच. वाचलेला निरोप त्यातून निघत नाही, वहीतल्या ओळीसारखा राहतो (मुदत बदलली नाही तर ७ दिवस). वाचणारा फक्त कुठवर वाचले याची खूण ठेवतो. शिवाय ही वही पार्टिशन नावाच्या भागांत वाटलेली असते आणि क्रमाची हमी एका पार्टिशनपुरतीच. त्यामुळे एका आरक्षणाचे सारे निरोप एकाच पार्टिशनमध्ये टाकायचे असतात. नाहीतर ‘रद्द’ आधी पोचते, ‘पक्की’ मागाहून, आणि मुरुडचा घरमालक न येणाऱ्या पाहुण्यांसाठी सुरमई तळायला घेतो.