मोर्चेल, मोती तलाव आणि आजोबांच्या गंजिफा

मे महिन्यात कचेरीतून तीन दिवसांची रजा मिळाली. पेडण्याहून गाडी काढली ती सावंतवाडी करून आंबोलीला जायचे असे ठरवूनच. माझा हेतू मात्र थोडा वेगळा होता. आमच्या घरी आजोबांच्या दशावतारी गंजिफांची एक लाकडी पेटी आहे. पुरा संच १२० पानांचा. आमच्या पेटीत उरलीत ३७. बाकीची कुठे गेली ते विचारू नका, आम्हा भावंडांनी त्यांची चाके करून खेळगाड्या चालवल्या आहेत!

पत्रादेवीला थांबलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडले. मुलाने विचारले, "बाबा, मग ह्या बाजूला पोर्तुगीज आणि त्या बाजूला आपली माणसे, असे कसे झाले?" प्रश्न सोपा, पण उत्तर सावंतवाडीच्या राजवाड्यापर्यंत जाते.

आपला पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा. तिसरे खेम सावंत यांचे लग्न १७६३ साली जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी झाले. म्हणजे महादजींची ती पुतणी. दिल्लीत महादजींचे वजन मोठे. त्या जोरावर बादशहाकडून खेम सावंतांना राजेबहादूर हा किताब आणि मोर्चेलाचा मान मिळाला. मोर्चेल म्हणजे मोरपिसांची चवरी. कोल्हापूरकरांना ते सहन झाले नाही आणि लढाई जुंपली. कोल्हापूरचा रेटा वाढल्यावर खेम सावंतांनी पोर्तुगिजांची मदत मागितली, आणि त्या बदल्यात १७८८ साली पेडणे त्यांच्या पदरात टाकले. नव्या काबिजादींत सर्वांत शेवटी आले ते आपण. मानापमानाच्या चार मोरपिसांसाठी आम्ही पेडणेकर १९६१ पर्यंत, १७३ वर्षे, परक्या राजवटीत राहिलो. राजकारणाची इतर कारणे असतीलच, पण मला हे मोरपीस टोचते ते टोचतेच.

तरीही राजवाड्यात गेल्यावर राग टिकला नाही. समोर मोती तलाव, १८७४ साली बांधलेला, पलीकडे नरेंद्र डोंगर. दरबार हॉलमध्ये कारागीर खाली मान घालून गोल पाने रंगवीत होते. ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे भोसले आणि बडोद्याहून इथे सून म्हणून आलेल्या सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. चिंचोक्याची खळ लावून पान तयार करायचे, रंगवायचे, वर लाखेचा थर द्यायचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. गंमत अशी की अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का. आजी सांगायची, दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने उतारी करायची, रात्री कृष्णाच्या.

नवा संच सुरेख होता, पण मला सुटी पाने हवी होती. बाजारात एका जुन्या सामानाच्या दुकानात तांब्याच्या घंगाळाखाली पत्र्याचा डबा सापडला. आत कुणा दुसऱ्या घरच्या गंजिफा. बायको म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरातली मोड आपण कशाला न्यायची?" मी नऊ पाने घेतलीच. त्यांतली चार परशुरामाची, कुऱ्हाडी काढलेली. दुकानदाराने पैसे मोजले आणि विचारले, "पेडण्याचे काय? म्हणजे आमचेच की." मला काय बोलावे सुचेना.

संध्याकाळी आंबोली. हिरण्यकेशीच्या गुहेतले पाणी मे महिन्यातही थंडगार. आपल्या तेरेखोलचे पाणी पश्चिमेला समुद्रात जाते. ही मात्र घाटमाथ्यावरून पूर्वेला वळून घटप्रभेला, पुढे कृष्णेला मिळते.

रात्री लॉजवर दिव्याखाली चादरीवर ४६ पाने मांडली. जुन्या ३७ पिवळट, नव्या नऊ किंचित लालसर. मुलाला खेळ शिकवायचा होता. रात्र असल्यामुळे कृष्णाच्या राजाने उतारी करायला हवी होती. दोनदा पाने उलटसुलट केली. कृष्णाचा प्रधान होता, सत्ती होती, राजा नव्हता.

"मग दिवसा खेळूया," मुलगा म्हणाला.

रामाचाही नव्हता.