आज्ञा आणि तिचे कारण

इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या थोडे आधी शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना एक पत्र धाडले. पावसाळ्याची दाणावैरण साठविलेली होती. ‘बेताने वापरा’ एवढे लिहून महाराजांना थांबता आले असते. ते थांबले नाहीत. आताच उधळाल तर भर पावसात घोडी मरतील, मग लोक रयतेला नागवतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असे त्यांनी बजावले. रात्री दिवा विझवा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल व गवत पेटेल, हेही लिहिले. छावणीतल्या माणसाला पदोपदी विचारायला येणे शक्य नव्हते. म्हणून आज्ञेबरोबर तिचे कारण गेले.

आज हाच प्रश्न संगणकापुढे उभा आहे. कृत्रिम बुद्धीच्या ‘एजंटा’च्या हाती अनेक साधने देतात, एक नोंदी शोधणारे, दुसरे पुसणारे. कोणते केव्हा उचलावे, हे तो मुख्यतः त्यांच्या नावांवरून व वर्णनांवरून ठरवितो. दोहोंपुढे ‘नोंदी हाताळते’ एवढेच लिहिले, तर शोधण्याऐवजी पुसले जाण्याचे भय आहे. म्हणून साधन काय करते, त्याला कोणती माहिती द्यावी, ते केव्हा वापरू नये आणि चुकल्यास काय बिघडते, हे सारे लिहिले पाहिजे.

लिहिणाऱ्याला जे उघड वाटते ते वाचणाऱ्याला ठाऊक नसते. उंदीर क्षुल्लक खरा. पण गंजी पेटविण्यास तेवढाच पुरे.