चित्रातली गोष्ट कुठं असते?

मागच्या महिन्यात गटाची सभा आटोपली, पैसे मोजून झाले, वही मिटली, तरी कुणी उठेना. एकीनं लेकीची शाळेची वही आणली होती. 'चित्र पाहून गोष्ट लिहा' असा प्रश्न होता. चित्रात एक विहीर, पाण्याला आलेली बाई, घागर आणि कावळा. पोरीनं लिहिलं होतं, "ही विहीर आहे. ही बाई आहे. ही घागर आहे. कावळा काळा आहे." खाली लाल शाईत शेरा होता, "गोष्ट कुठे आहे?"

आई म्हणाली, "मी चौथीतनं शाळा सोडलेली. मला लिहिता येत नाही धड, हिला काय शिकवू?" आम्ही बी. ए. केलंय, पण त्या दिवशी आमच्याकडेही उत्तर नव्हतं. पुढं शोधायला लागलो तेव्हा कळलं, की उत्तर तर कुडाळच्या शेजारी, पिंगुळीतच आहे.

पिंगुळीचे ठाकर चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे लोक. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. ही रीत त्याहून फार जुनी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला, त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे नऊशे वर्षं झाली.

चित्रकथीची पोथी बांधलेली नसते. सुटी चित्रं असतात, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक चित्र दाखवून झालं की फिरवायचं, मागं पुढचा प्रसंग तयार. एका पोथीत अशी तीस-चाळीस चित्रं. रामायणातली, महाभारतातली आणि कितीतरी लोककथांची. रात्री देवळात दिव्याच्या उजेडात वीणा, टाळ, हुडुक वाजायचं आणि गाणं-बोलणं चालायचं. काही जुन्या पोथ्या आता पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी ही कला जपली, २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता बघा, चित्रकथी समोर चित्र धरून "हा राम आहे, हे धनुष्य आहे, ही सीता आहे" असं म्हणाला असता, तर लोक देवळातनं उठून घरी गेले असते! राम तर सगळ्यांना दिसतोच. चित्रकथी सांगतो ते न दिसणारं. धनुष्य उचलायच्या आधी सभेत कोण कोण हरलं, सीतेच्या मनात काय चाललंय, धनुष्य मोडल्यावर कोण खवळणार. चित्र म्हणजे पापणी लवेपर्यंतचा एक क्षण. गोष्ट असते त्याच्या आधी आणि नंतर. आपल्या पोरीला हेच कुणी सांगितलं नव्हतं. चित्रात काय काय दिसतं, एवढंच तिला विचारलेलं, तेवढंच तिनं इमानानं लिहिलं.

हे काही फक्त देवळातलंच नाही. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छापील चित्रं आणि नंतर तशीच कॅलेंडरं घरोघरी भिंतीवर आली. रविवर्मांचं शकुंतलेचं चित्र पुष्कळजणींनी पाहिलं असेल. पायातला काटा काढायला ती थांबलीय आणि मागं वळून बघतेय. काटा खरंच रुतलाय का हो? की मागं बघायला निमित्त? एवढं विचारलं, की झाली गोष्ट सुरू. आमच्या आज्या अंगठा उठवायच्या, पण चुलीपुढं बसून भिंतीवरच्या चित्रांच्या गोष्टी रात्र रात्र सांगायच्या. लिहिता येत नसलं म्हणून गोष्ट येत नाही, असं कुठंय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचंही नाव घ्यायला हवं. १९४५ साली डहाणूच्या बाजूला बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणावरच शाळा भरवली. मुलाच्या भोवतालचंच घेऊन शिकवायचं, ही त्यांची रीत आम्ही उचलली.

दिवाळीच्या सुट्टीत गटाच्या बायकांनी अकरा पोरं ओसरीवर बसवली. पहिल्या दिवशी आम्हीच चूक केली. गोष्टीची सुरुवात आम्ही फळ्यावर लिहून दिली, 'एका गावात एक गरीब शेतकरी होता.' अकराच्या अकरा वह्यांत तोच शेतकरी, तसाच गरीब! दुसऱ्या दिवशी फळा पुसला. एका आजीला मधे बसवलं आणि तेच विहिरीचं चित्र तिच्या हातात दिलं. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या उन्हाची ही एकटीच पाण्याला का आली? सकाळी बाकीच्या बायांबरोबर का नाही आली?"

पोरं एकदम बोलायला लागली. तिचं भांडण झालं असेल. तिचं बाळ आजारी असेल. तिला पाणी भरू देत नसतील. हे शेवटचं एक पोरगा हळूच म्हणाला आणि ओसरी गप्प झाली. आजीनं "नाही" म्हटलं नाही. "मग ती काय करणार?" एवढंच विचारलं. आधी सगळं बोलून घेतलं, लिहिणं मागनं. लहानांचं बोलणं मोठ्या पोरांनी उतरवून घेतलं. शुद्धलेखन आम्ही त्या दिवशी तपासलंच नाही. ते नंतर होतं, पण गोष्ट एकदा आटली की परत येत नाही.

त्या पोरीनंही पुन्हा लिहायला घेतलंय. रात्री भाकऱ्या थापता थापता आई विचारते, "मग पुढं?" आणि ती लिहिते. काल आई वही घेऊन आली होती. दोन पानं भरलीत. दोर तुटला, घागर विहिरीत पडली, कावळा काठावर बसून बघतोय, इथवर गोष्ट आलीय.