बारा मोटांची विहीर आणि समासातला एक प्रश्न

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्यातले अठरा जण लिंबला जाऊन आले. ज्यांना सभागृहातूनच गाडी गाठावी लागली, त्यांच्यासाठी हे टिपण.

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की महामार्ग सोडून आत लिंब गाव लागतं. तिथल्या शेरीत बारा मोटांची विहीर आहे. नववीच्या सहलीत आपण ती पाहिली होती, पण तेव्हा बहुतेकांचं लक्ष शिदोरीकडे होतं. माझं तर होतंच.

या वेळी आपले इतिहासाचे सरही आले. पायऱ्या उतरणं आता त्यांना जमत नाही. ते वरच सावलीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मोटा मोजून या."

विहीर दाखवायला गावातला एक कॉलेजचा मुलगा होता. त्याने आधी वरूनच फिरवलं, ते बरं केलं, कारण आकार वरूनच कळतो. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लांबट भाग आणि त्यातून उतरणाऱ्या पायऱ्या, असं सगळं मिळून शिवलिंगासारखं दिसतं. व्यास सुमारे ५० फूट, खोली ११० फूट. दोन भागांच्या मध्ये पुलासारखं बांधकाम आहे आणि त्यातच चक्क महाल. नववीत मी त्या महालातून धावत गेलो होतो, पण तो महाल आहे हे मला कळलंच नव्हतं.

शिलालेखापाशी मुलगा थांबला. "१६४१ ते १६४६ या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधली. म्हणजे पावणेचारशे वर्षं झाली बघा."

मागे दोघे-तिघे फिसकन हसले. त्यांना माझा निबंध आठवला. सहलीनंतरच्या निबंधात मी अगदी हेच लिहिलं होतं. सरांनी वाक्य खोडलं नाही, गुणही कापले नाहीत. समासात लाल शाईने एवढंच लिहिलं: 'तेव्हा शिवाजी महाराज किती वर्षांचे?'

मी बोटांवर मोजलं. अकरा. राज्याभिषेक १६७४चा, म्हणजे अजून तेहतीस वर्षं दूर. सातारा आदिलशाहीत. मग तिथे भोसल्यांच्या राजघराण्यातली बाई एवढी विहीर बांधते कशी? दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं की लेखातले आकडे शालिवाहन शकाचे आहेत. ७८ मिळवायचे. १७१९ ते १७२४.

नुसती बेरीज चुकली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण त्या ७८ वर्षांत सगळी गोष्टच बदलते. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले, १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला. येसूबाई दिल्लीहून परतल्या त्या १७१९ मध्ये, म्हणजे विहिरीचं काम लागलं त्याच साली. वीरूबाई या शाहू महाराजांच्याच राणीवशातल्या. पंचवीस वर्षं ज्या राज्याचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर होतं, ते आता आंब्याच्या बागेला पाणी कसं पुरवायचं याचा विचार करत होतं. त्या बागेत तीन हजारांवर झाडं होती असं सांगतात. आंबा लावणाऱ्याला उद्याची खात्री वाटावी लागते. १६४१ धरलं तर यातलं काहीच दिसत नाही.

मी मुलाला उत्तर सांगितलं नाही. सरांचा प्रश्न विचारला. तो थांबला, मोबाईल काढला, परत ठेवला. "काका, अकरा," तो म्हणाला आणि पुन्हा लेखाकडे वळला.

मग मोटा. काठावर मोटांच्या जागा आजही ओळखू येतात. बैल धावेवरून उतारावर गेले की नाड्याला बांधलेली मोट वर येई, थारोळ्यात रिकामी होई, आणि बैल उलट पावली मागे येत. आपल्यापैकी शेतकऱ्यांच्या घरातल्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी मोट पाहिलेलीच नाही आणि त्याला कारणही आपल्याच भागात आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, तिथे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला आणि १९२६ मध्ये त्याच किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. तेव्हा हा सगळा भाग साताऱ्यातच गणला जाई. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. तेव्हा मोटेची सगळ्यात देखणी विहीर आणि मोट अडगळीत टाकणारा कारखाना, दोन्ही एकाच जुन्या जिल्ह्यातले. वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील त्याच कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. मोट गेल्याचं दुःख करायला आपण जरा अवघड जागी उभे आहोत.

वर आलो तर तो मुलगा आमच्या आधी पोचून सरांजवळ खाली बसला होता. दोघांचं शकाबद्दल काही चाललं होतं. सरांनी मान वर केली.

"किती?"

"पंधरा जागा आहेत, सर. नाव बारा मोटांचं."

"नववीत तू बारा लिहिलं होतंस," सर म्हणाले. "न मोजता."