शुभ्र वाळू आणि तिची नावे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात एअर्ली बीच नावाचे गाव आहे. तेथून भाड्याची नौका करून प्रवासी व्हिटसंडे बेटावरील व्हाइटहेवन किनाऱ्यास जातात. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या त्या वाळूत जवळजवळ ९८ टक्के सिलिका असल्याने ती चुन्यासारखी शुभ्र दिसते. साहजिकच, वाळूवरूनच किनाऱ्याला हे नाव पडले असावे, असे पाहुण्यास वाटते. वस्तुतः १८७९ साली बेडवेल या आरमारी सर्वेक्षकाने इंग्लंडमधील व्हाइटहेवन या बंदराचे नाव त्यास दिले.

बेटाच्या नावाची कथाही अशीच आहे. ३ जून १७७० रोजी कॅप्टन कुक येथील सामुद्रधुनीतून गेला. जहाजाच्या रोजनिशीप्रमाणे तो ख्रिस्ती लोकांचा व्हिटसंडे हा सण होता, म्हणून तेच नाव त्याने सामुद्रधुनीस दिले. पश्चिमेकडे प्रवास करीत आल्याने त्याची दिनगणना मागे पडली होती. पुढे ठरलेल्या तारीखरेषेनुसार तो सोमवार ठरतो!

परंतु हा प्रदेश निनावी थोडाच होता? सालीच्या शिवलेल्या होड्यांतून बेटाबेटांवर फिरणारे न्गारो लोक येथे राहत होते. शेजारच्या हुक बेटावरील नारा खाडीच्या गुहेत त्यांची चित्रे आहेत, आणि तेथील वस्तीच्या खुणा सुमारे ९,००० वर्षांच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांच्या वसाहतीने त्यांना विस्थापित केले. श्रोतेहो, नकाशावर पहिले नाव लिहिणारा हा त्या भूमीचा पहिला ज्ञाता असतोच असे नाही, एवढे ती वाळू तुडविताना ध्यानी असावे.